2024ची इंडी-पंक गाणी: तुमची कुठली? आणि या वर्षी पंक हळवं झालंय असं मलाच वाटतंय का?

कोथरूड_बेस:
मंडळी, डिसेंबर आलाय, दरवर्षीप्रमाणे इंडी-पंकची, म्हणजे स्वतंत्र बँडांच्या जोरकस, रागीट रॉकची प्लेलिस्ट करायला घेतलीय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. या वर्षी मला सगळ्यात जास्त भिडलेली पंक गाणी रागाची नाहीचेत. प्रेमाची आहेत, नाहीतर कुणीतरी गेल्याची.

सगळ्यात वर सॉफ्ट प्लेचं 'एव्हरीथिंग अँड नथिंग'. केंटमधल्या टनब्रिज वेल्सची दोघंच पोरं, आधी स्लेव्ह्ज नावाने वाजवायचे, 2022च्या शेवटी नाव बदललं. एक जण गिटारवर आणि दुसरा, आयझॅक, ड्रम्स उभ्यानेच बडवत बडवत गातो. गिटारवाल्या लॉरी व्हिन्सेंटची जोडीदार 2020 मध्ये कॅन्सरने गेली आणि ते सगळं दुःख या गाण्यात उतरलंय, पण त्यांनी काय केलंय तर चक्क मँडोलिन घेतलीय! वर आयझॅक घसा फाडून ओरडतोय आणि खाली ती मँडोलिन किणकिणतेय, आणि ते ऐकताना मला दर वेळी गलबलून येतं, खरंच सांगतो.

दुसरं फाँटेन्स डीसीचं 'स्टारबर्स्टर'. त्यांचा गायक ग्रिअन चॅटन, त्याला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता त्यावरून लिहिलेलं. कोरसमध्ये तो जो जोरात श्वास आत ओढतो ना, हेडफोन लावून ऐका एकदा, तो आवाज बीटमध्ये असा बसवलाय की तो ड्रमकिटचाच भाग वाटतो. मग आयडल्सचं 'गिफ्ट हॉर्स'. टँग्क हा अख्खा अल्बमच प्रेमाचा आहे, पण बेस तोच, अंगावर येणारा, आणि राजाला शिवी घालणं आणि प्रेमाची ग्वाही देणं एकाच दमात.

तुमची सांगा. आणि हे जे मला वाटतंय ते तुम्हालाही वाटतंय का?

चुनाभट्टी_नॉइज:
नाही पटलं रे. गाणी तिन्ही भारी आहेत त्यात वाद नाही, पण तिन्ही पुरुषांच्या बँडची आहेत बघ. पोरांनी हळवं होणं ही नवी गोष्ट असेल आणि ती चांगलीच आहे, पण बायकांचा राग या वर्षी कुठेही कमी झालेला नाही उलट जास्त धारदार झालाय.

अ‍ॅमिल अँड द स्निफर्सचं 'यू शुड नॉट बी डूइंग दॅट' ऐकलंस ना? मेलबर्नच्या या बँडची गायिका एमी टेलर. तू हे करू नकोस, असं वागू नकोस, असे कपडे घालू नकोस हे आयुष्यभर ऐकवणाऱ्यांना दिलेलं उत्तर आहे ते, आणि ती किंचाळतसुद्धा नाही, त्या बेसलाइनवर ऐटीत चालत चालत एकेकाला सुनावते. इथे लोकलच्या लेडीज डब्यात उभी राहून मी ते ऐकलं आणि मला कुणी वेगळा अर्थ समजावून सांगायची गरज पडली नाही.

आणि फिलाडेल्फियाच्या मॅनेक्विन पुसीचं 'आय गॉट हेवन'. कडव्यात गायिका मरीसा डबीस अक्षरशः चावायला धावते आणि कोरस आला की एकदम गोड, स्वप्नातल्यासारखं. माझ्यासाठी वर्षातलं नंबर एक हेच. अख्खा अल्बम अर्ध्या तासाचा आहे, एका बैठकीत ऐक, मध्ये थांबू नकोस.

कोथरूड_बेस:
@चुनाभट्टी_नॉइज हा मुद्दा एकदम बरोबर, मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. एमी टेलर अ‍ॅड केली. मॅनेक्विन पुसी आज रात्री.

लीड्सकर:
इथे कामाला आहे म्हणून थोडा पक्षपात चालवून घ्या, पण इंग्लिश टीचरचं 'द वर्ल्ड्स बिगेस्ट पेव्हिंग स्लॅब' यादीत पाहिजेच. लीड्सचा बँड, सप्टेंबरमध्ये त्यांच्या पहिल्याच अल्बमला मर्क्युरी प्राइझ (ब्रिटन-आयर्लंडमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस) मिळालं, लंडनबाहेरच्या कुणाला ते मिळून दहा वर्षं झाली होती. गायिका लिली फाँटेन लँकेशरमधल्या कोल्न गावची, आणि गाणं त्या गावाबद्दलच आहे. छोट्या गावातून आलेल्या माणसाला गावाचा अभिमानही असतो आणि तिथून पळून जावंसंही वाटतं, ते दोन्ही त्यात आहे. मी मूळचा कराडजवळचा, मला ते लगेच लागलं. रागाचं म्हणाल तर ना राग ना प्रेम, त्याच्या मधलं काहीतरी.

शिवाय हाय व्हिसचं 'माइंड्स अ लाय' घ्या. लंडनचा हार्डकोर (पंकचाच आणखी कडक प्रकार) बँड आणि गाण्यात मात्र डान्स क्लबमधल्यासारखा बाईच्या आवाजाचा सॅम्पल. असं काही जमेल असं वाटलं नव्हतं, पण कसलं जमलंय!

जुना_कॅसेटवाला:
सगळ्यांनी नवी पोरं सांगितली, छान आहे, पण शेलॅकला विसरू नका. त्या बँडचा गायक-गिटारवाला आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी 7 मेला गेला, हार्ट अटॅक, 61 वर्षांचा होता, आणि त्यानंतर दहा दिवसांनी शेलॅकचा 'टू ऑल ट्रेन्स' अल्बम आला. तारीख आधीच ठरलेली होती. अल्बमचं शेवटचं गाणं 'आय डोन्ट फिअर हेल'. गिटार नेहमीसारखी पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी, कुठे निरोपाचा सूर नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

निर्वाणाचा 'इन युटेरो' आणि पीजे हार्वीचा 'रिड ऑफ मी' त्यानेच रेकॉर्ड केले हे बहुतेकांना माहीत असेल. पण रॉयल्टी घ्यायचा नाही हे मला त्याहून मोठं वाटतं. प्लंबरला द्यावेत तसे कामाचे पैसे द्या, बाकी गाणं बँडचं, असा त्याचा हिशोब. कोथरूड_बेस, तुझं ते हळवेपण शोधत असशील तर मला ते त्याच्या या वागण्यात दिसतं.

पावसाळी_गिटार:
पंकमधलं मला फार कळत नाही, मी इंडीवाली, त्यामुळे वॅक्साहॅची या अमेरिकन गायिकेचं 'राइट बॅक टू इट'. सोबत एम. जे. लेंडरमन गातोय आणि मागे फिल कूकचा बँजो. कित्येक वर्षं टिकलेल्या नात्यातल्या माणसांचं गाणं आहे, प्रेमात पडतानाचं नाही, आणि असं गाणं फार कमी लोकांना लिहिता येतं. लेंडरमनचा स्वतःचा 'मॅनिंग फायरवर्क्स' पण घ्या, त्यातलं 'शीज लिव्हिंग यू'.

आणि आपल्याकडचं कुणीच कसं सांगितलं नाही?? दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' ऑगस्टमध्ये आला, त्यातलं 'सडनली' माझं या वर्षीचं सगळ्यात आवडतं. सूर्यकांत साहनीचा तो जुन्या जमान्यातल्या गायकासारखा आवाज, रात्री उशिरा बाल्कनीत बसून ऐकावं असा.

चुनाभट्टी_नॉइज:
हो, सडनली!! आणि मार्चमध्ये ग्रीन डे महालक्ष्मी रेसकोर्सवर येतायत, कोण कोण येणार? त्यांचंही 'बॉबी सॉक्स' प्रेमाचंच गाणं आहे म्हणा, तेवढा एक पॉइंट कोथरूडला.

कोथरूड_बेस:
मी येणार. पुण्याहून सकाळच्या ट्रेनने निघायचा विचार आहे, अजून कुणी असेल तर मेसेज करा.

मॅनेक्विन पुसी ऐकला, अर्ध्या तासात दोनदा ऐकल्यासारखं वाटलं इतकं त्यात भरलंय. आता क्रम असा: सुरुवात 'गिफ्ट हॉर्स', मग एमी टेलर, 'आय गॉट हेवन', 'स्टारबर्स्टर', 'माइंड्स अ लाय', मग जरा दम घ्यायला पेव्हिंग स्लॅब आणि 'राइट बॅक टू इट', 'सडनली', मग सॉफ्ट प्ले आणि शेवटी शेलॅक. सडनलीनंतर लगेच सॉफ्ट प्ले जरा अंगावर येतंय, मध्ये एक गाणं पाहिजे. सुचवा.