‘सिसिलियन’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी: निसर्गवाटेच्या फलकावर उभयचरांची ओळख लिहायची आहे. बेडूक-भेक आणि सॅलमँडर हे दोन गट जमले. तिसरा गट गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायी प्राण्यांचा. त्याला ‘सिसिलियन’ म्हणावं तर इटलीतलं सिसिली बेट आठवतं. ‘देवगांडूळ’ संपादकांना नको आहे, कारण हा प्राणी गांडूळ नाही, त्याला पाठीचा कणा असतो.

पाणथळ: देवमासा तरी कुठे मासा आहे? देवगांडूळच ठेवा. ‘देव’ म्हणजे त्याच रूपाचा, पण मोठा. देवकापूस पाहा ना.

कोशप्रेमी: देवकापूस मोठा म्हणून नव्हे, देवापुढच्या वाती त्याच्या करतात म्हणून. मला ‘पादहीन उभयचर’ पटतं. माहितीफलकावर चुकीचं नातं सांगणारा शब्द नको.

रानवाट: पाय तर सापालाही नसतात. लोक याला साप समजून मारतात, म्हणून नावापेक्षा खूण महत्त्वाची. तोंड उघडलं की जबड्यात दात दिसतात. गांडुळाला जबडाच नसतो. डोळा कातडीखाली पुसट दिसतो आणि डोळा व नाकपुडीच्या मध्ये बारीक स्पर्शिका असते, ती सापाला नसते. अंगावर वळ्या असतात, कातडी ओलसर असते. हेही लिहा की कोरड्या किंवा कीटकरोधक मलम लावलेल्या हाताने धरू नका. तो त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे हातावरचं सगळं अंगात शिरतं.

कोशप्रेमी: मग ‘उभयचर’ तरी बरोबर आहे का? याच गटातल्या इक्थिओफिसची मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली पिल्लं, पाण्यात जातात, तिथे शब्द शोभतो. पण कोकणातली गेगेनिओफिस शेषाचारी ही याच गटातली जात थेट पिल्लांना जन्म देते, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. तिचा पाण्याशी काय संबंध?

पाणथळ: गटाचं नाव बहुसंख्यांवरून पडतं. खटकतं ते ‘बेडूक-भेक’. भेक हा बेडकांतलाच एक कोरड्या, खरखरीत कातडीचा गट. जोडशब्दामुळे दोन वेगळे प्राणी वाटतात.

कोशप्रेमी: संस्कृतात भेक म्हणजे बेडूकच! इंग्रजीतल्या ‘टोड’साठी तो नंतर राखून ठेवला, आणि ते मला मान्य नाही.

रानवाट: मान्य नसलं तरी पाठ्यपुस्तकं वाचलेल्यांना भेक म्हणजे टोडच. आंबोलीच्या झँथोफ्राइन या टोडला मग काय म्हणाल?

कोशप्रेमी: ‘आंबोलीचा खरखरीत बेडूक’.