बायो घ्यायची की कॉम्प्युटर?

ताई, तुमच्या मुलीची दहावी मराठी मिडियममधनं झाली आणि सरांनी "बायो घेऊन ठेव, पुढं मेडिकलही करता येईल" सांगितलंय, पण तिला इंजिनिअरच व्हायचंय म्हणताय ना, मग पीसीएमसी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स न् कॉम्प्युटर, बघा की वो. केसीईटीला, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेला, इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचेच मार्क धरतात, पीयूसी सेकंडचे (म्हणजे बारावीचे) अर्धे न् सीईटीचे अर्धे, बायो त्यात कुठंच नाही. मॅथ्स मात्र सोडू नका.

मी खानापूरकडचा, मराठी शाळेतलाच. पीयूसीला पहिले दोन महिने 'व्हेलॉसिटी' म्हणजे आपला वेग हेच डोक्यात बसंना, वहीत प्रत्येक शब्दापुढं मराठी अर्थ लिहून काढला तेव्हा कुठं जमलं. ते काम तिला या सुट्टीतच करायला लावा, खरंच फार फरक पडतो.

आणि एक, सीमाभागातल्या ८६५ गावांत तुमचं गाव असेल तर मराठी मातृभाषेवर महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही अर्ज करता येतो, त्यासाठी त्यांची सीईटी वेगळी द्यावी लागते, फॉर्म चुकवू नका. पीयूसी झेपणार नाही वाटलं तर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटीनं, म्हणजे डिप्लोमावाल्यांच्या प्रवेश परीक्षेनं, थेट इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला जाता येतं, त्यात कमीपणा काही नाही.