३३ मतांचा उमेदवार पडला, २७ मतांचा खासदार झाला. राज्यसभेचं हे गणित कुणी समजावेल का?

कोल्हापूरची आत्या

नमस्कार मंडळी. भाची एमपीएससी करतेय. काल तिला राज्यसभेची निवडणूक समजावायला बसले आणि मीच अडकले. १० जून २०२२ ची निवडणूक आम्हा कोल्हापूरकरांच्या चांगली लक्षात आहे, कारण सहाव्या जागेसाठी भिडलेले दोघेही आमच्या गावचे: भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. भाची विचारते, "आत्या, कमी मतं मिळालेला जिंकतो कसा?"

निवृत्त गुरुजी

ताई, भाचीने नेमका प्रश्न विचारलाय. नागरिकशास्त्र शिकवताना मी हे पोरांना पैशांत सांगायचो. एक मत म्हणजे एक रुपया, १०० पैसे.

त्या दिवशी २८४ आमदारांची मतं वैध ठरली, म्हणजे २८,४०० पैसे. जागा ६. जागांत एक मिळवून भागायचं, म्हणून ७ ने भागा: ४,०५७. त्यात १ मिळवा. कोटा झाला ४० रुपये ५८ पैसे. एवढे जमले की उमेदवार निवडून आला. त्यावरचे पैसे त्याला लागत नाहीत, ते त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याला असेल त्याच्याकडे जातात.

भाजपचेच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना ४८-४८. दोघांकडे सव्वासात रुपयांच्या वर उरले आणि ते महाडिकांकडे वळले. २७ मध्ये १४ मिळवा, ४१ झाले. काम झालं.

पवारांच्या महाविकास आघाडीत (शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. तिघांचं उरलेलं मिळून साडेसहा रुपयेसुद्धा होत नाही. ३३ अधिक ६, म्हणजे ३९. तिथेच थांबलं.

पण ताई, ३३ विरुद्ध २७ ही तुलनाच मुळात सोडून द्या. दोन्ही बाजूंची बेरीज बघा. भाजपकडे १२३; तीन जागांना १२१.७४ लागत होते, पुरले. आघाडीकडे १६१, चार जागांना १६२.३२ लागत होते. १.३२ मतांनी घास हुकला. आत कुणाला किती वाटले, हा नंतरचा भाग. भाजपचे स्वतःचे आमदार १०६ होते. वरचे १७ अपक्षांकडून, छोट्या पक्षांकडून आले आणि खरी निवडणूक तिथेच झाली. आजारी आमदार रुग्णवाहिकेतून मतदानाला आणले होते. एकेका रुपयाची किंमत तेव्हा एवढी होती.

विदर्भातला वाचक

गुरुजींच्या उत्तराला जोड. हे मतदान गुप्त नसतं. २००३ च्या दुरुस्तीपासून आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते; दुसऱ्या कुणाला दिसली तर मत बाद होऊ शकतं. त्या रात्री आक्षेपांमुळे मोजणी तासन् तास थांबली. शेवटी निवडणूक आयोगाने शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद केलं. म्हणून २८५ चे २८४ झाले. ('नोटा', म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हा पर्याय, इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते काढलं. परीक्षेत येतं.)

कोल्हापूरची आत्या

गुरुजी, आत्ता उलगडलं! पण मग ते एक मत धरलं असतं तर पवार आले असते का? आमच्याकडे अजून लोक तसंच म्हणतात.

निवृत्त गुरुजी

नाही. मत वाढलं की कोटाही वाढतो. २८५ मतांना कोटा ४०.७२. चार जागांना १६२.८८ हवेत आणि आघाडीकडे होतात १६२. तरी कमीच. भाजपला हवेत १२२.१६, आहेत १२३. तेव्हा त्या एका मतावर खापर फोडणं बरोबर नाही.

एक आमदार वारले होते, दोघे कोठडीत होते आणि न्यायालयाने त्यांना मतदानाला सोडलं नव्हतं, म्हणून आकडा २८५ वर आला. आता भाचीला विचारा: सगळे २८८ आले असते आणि सगळी मतं वैध ठरली असती, तर कोटा किती? कागद-पेन्सिल घेऊन सोडवू दे, मोबाइल नको.

कोल्हापूरची आत्या

४१ रुपये १५ पैसे. कागदावर केलं तिने. आता म्हणते, विधान परिषदेचंही असंच करून बघायचं.