फायबरच्या गाडीचा जुना रंग काढणे व नवे रंगकाम : सांगली परिसरासाठी सल्ला हवा

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांच्या वेळची सिपानी डॉल्फिन आहे. ब्रिटनच्या रिलायंट किटनवर बेतलेली आणि १९८२ च्या सुमारास बंगळूरहून बाजारात आलेली ही छोटी गाडी अनेकांना आठवत असेल. तिची बॉडी फायबरची असल्याने गंजाचा प्रश्न नाही. मात्र निरनिराळ्या पेंटरांनी जुन्यावर नवे असे रंगाचे इतके थर चढवले आहेत की बॉनेटचा पृष्ठभाग उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानासारखा दिसतो. शिवाय बिजागऱ्यांभोवती ताऱ्याच्या आकाराचे बारीक तडे गेले आहेत.

येथील एका गॅरेजमध्ये चौकशी केली असता पेंटरने दाराच्या आतल्या कडेला थोडा पेंट रिमूव्हर लावून दाखवला. रंग सुरकुतला आणि पत्रीने सहज निघाला, परंतु त्याखालची जागा चिकट झाली असून नख दाबले तर खूण उमटते, हे पाहून मी काम तेथेच थांबवले. तरी रंग कसा काढावा, तड्यांचे काय करावे आणि सांगली, मिरज किंवा कुपवाड भागात असे काम कोणत्या प्रकारच्या कारागिराकडे द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कुपवाडकर

फायबर हा माझ्या रोजच्या धंद्यातला विषय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. आपण काम थांबवलेत, हे उत्तम केलेत. पत्र्यासाठीच्या जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते व ते रंगाचा थर फुगवून सोडवते. फायबरच्या अंगावरचा जेलकोट (म्हणजे सर्वांत वरचा गुळगुळीत, कडक थर) आणि त्याखाली काचेच्या तंतूंच्या मॅटला धरून ठेवणारे रेझिन ही दोन्ही बहुधा पॉलिस्टरची असतात, त्यामुळे रंग कुठे संपला आणि गाडी कुठे सुरू झाली, हे त्या रसायनाला कळत नाही. पत्र्यावरून ते पुसून टाकता येते. फायबरमध्ये ते बारीक छिद्रांत मुरते आणि नवा रंग दिल्यावर उन्हात फोड होऊन वर येते. चिकट झालेला भाग मऊपणा संपेपर्यंत घासून काढावा आणि ती जागा रंग देण्यापूर्वी बरेच दिवस उन्हात उघडी ठेवावी. हीट गन आणि वाळूचा मारा या दोन्ही गोष्टी फायबरपासून दूरच ठेवाव्यात.

खात्रीचा मार्ग घासण्याचाच. त्याआधी मेण आणि पॉलिश काढणाऱ्या द्रावणाने गाडी नीट पुसून घ्यावी, नाहीतर जुन्या पॉलिशमधले सिलिकॉन ओरखड्यांत दाबले जाते आणि नव्या रंगात खळगे पडतात. नंतर गोल फिरणाऱ्या सँडरला ८० नंबरचा पेपर लावून वरचे थर मोडावेत, जुना प्रायमर दिसू लागताच १८० वर यावे आणि ३२० वर थांबावे. कडा, कोपरे आणि बॉडीवरच्या रेघा मात्र ठोकळ्यावर पेपर धरून हातानेच घासाव्यात, कारण तेथे जेलकोट सर्वांत आधी फुटतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, त्यामुळे तो दिसला की पुढे जाऊ नये. किंबहुना मूळ प्रायमर घट्ट बसलेला असेल तर तोही काढू नये. सगळीकडे उघडे फायबर दिसलेच पाहिजे हा हट्ट पत्र्याच्या कामातून आलेला आहे. जेथे काचेचे तंतू उघडे पडले असतील तेथे वॉटर पेपर वापरू नये, पाणी आत शिरते. धुळीसाठी चांगला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

अजिंक्यतारा (सातारा)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. जेथे थर जाड आणि तडकलेले आहेत तेथे सपाट धरलेल्या ब्लेडने रंगाच्या खपल्या निघतात का, हे आधी पाहावे. निघाल्या तर धूळ पुष्कळ कमी होते. दुसरे असे की, कापडावर थिनर घेऊन एखाद्या कोपऱ्यात चोळून पाहावे. रंग कापडाला लागला तर तो जुन्या ड्यूको पद्धतीचा, म्हणजे थिनरमध्ये पुन्हा विरघळणारा, आहे असे समजावे, आणि तसा थर खाली राहू देऊ नये, कारण नव्या टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन) रंगातले द्रावक लागताच तो उचलला जातो.

बिजागऱ्यांजवळच्या तड्यांवर नुसती लांबी (पुट्टी) भरून देणारे पेंटर पुष्कळ भेटतील. तशी लांबी काही महिन्यांत त्याच रेषेवर फुटते, कारण मूळ दोष पृष्ठभागावर नसून त्या जागी येणाऱ्या ताणाचा आहे. तडा टोकापर्यंत इंग्रजी व्ही आकारात खोदावा, कडा उतरत्या कराव्यात आणि मागच्या बाजूनेही एक-दोन थर देऊन जागा बळकट करावी. दुरुस्तीसाठी मी इपॉक्सी रेझिन पसंत करतो; जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरला ते पॉलिस्टरपेक्षा चांगले धरते. मात्र बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मॅटमधला बांधक पदार्थ पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेले काचेचे कापड घ्यावे. हा फरक न सांगता दोन्ही वस्तू एकाच पिशवीत देणारे दुकानदार आहेत.

कुपवाडकर

कापडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पॉलिस्टर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना जोडतो : रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे कोबाल्ट आणि हार्डनर म्हणून येणारे एमईकेपी एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि मगच एमईकेपी घालावे.

रंगारी_मिरज

मी स्वतः पेंटर आहे. रिमूव्हर एक मिनिट ठेवून लगेच पुसला तर काही होत नाही, असा आमच्या लाइनमध्ये समज आहे आणि जाड जेलकोटवर कधी कधी ते निभावतेही. परंतु चाळीस वर्षांच्या गाडीवर कोठे जेलकोट उरला आहे आणि कोठे आधीच्या कोणी तो घासून संपवला आहे, हे वरून दिसत नाही; त्यामुळे असे काम मी घासूनच देतो आणि मजुरी जास्त सांगतो.

कारागीर शोधताना केवळ डेंटिंग-पेंटिंगच्या पाट्या पाहू नका. मिरज आणि कुपवाडच्या एमआयडीसीत फायबरचे साचेकाम करणाऱ्यांकडून तडे दुरुस्त करून घ्यावेत आणि रंग मात्र गाड्यांच्या पेंटरकडून, असे दोन भाग केलेले बरे. पेंटरला पहिला प्रश्न विचारावा की, रंग कशाने काढणार? रिमूव्हर किंवा गॅसचा टॉर्च असे उत्तर आले तर चहा पिऊन निघावे.

प्रायमर टू-के इपॉक्सीच घ्यावा. त्यावर लांबी, मग सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर), मग हलका काळा फवारा मारून ठोकळ्याने घासणे म्हणजे उंचसखल भाग कळतो, आणि रंगापूर्वी ६०० चा पेपर. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. धुळीचा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी असून बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरणाऱ्याकडेच काम द्यावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता आणखी दोनच शंका आहेत. हे काम कोणत्या महिन्यात सुरू करावे, आणि मूळ फिकट रंगाऐवजी गडद निळा दिला तर चालेल का?

अजिंक्यतारा (सातारा)

घासणे आणि रेझिनचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे. नवे रेझिन पुढेही काही काळ आकसत राहते, म्हणून दुरुस्त केलेली बॉनेट आणि दारे तीन-चार आठवडे उन्हात ठेवावीत, मात्र गाडीवरच बसवून, म्हणजे वाकणार नाहीत. एप्रिलमध्ये रंग द्यायचा असल्यास भल्या सकाळी आणि सावकाश सुकणारा थिनर वापरून द्यावा; पावसाळ्यातली दमट हवा पूर्ण टाळावी.

गडद निळ्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. गडद रंग सांगलीच्या उन्हात फार तापतो आणि तापलेल्या फायबरमध्ये खालच्या काचेच्या तंतूंची नक्षी रंगातून वर उमटू लागते. फिकट रंगात ती सहसा नजरेत येत नाही. शिवाय रंग बदलल्यास आरटीओकडे आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागेल.