थंडीत गोल्डफिश मरतात त्याला पाणीच जबाबदार? (चर्चा)

टाकीवाला_पुणे
दर डिसेंबर-जानेवारीत इथे तेच रडगाणं. सहा मेले, आठ मेले, व्हायरस आला. वीस वर्षं टाकी आहे माझ्याकडे. आठवड्याला पाव पाणी बदला, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारं विष) मोजा, एक मासा मरणार नाही. व्हायरस हे आळस झाकायचं निमित्त आहे. आणि मरायला लागलेच तर दुकानात अँटिबायोटिकची पिवळी पूड मिळते, ती टाका, तीन दिवसांत उठतात.

शुबंकिन_नाशिक
रात्री वाचलं आणि झोप गेली, म्हणून सविस्तर लिहितेय. माझे सात ओरांडा (गोल्डफिशचीच एक जात) होते, दोन वर्षांचे. अमोनिया शून्य, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) शून्य, वहीत तारखेनिशी लिहून ठेवलंय. डिसेंबरात एक शुबंकिन, ही पण गोल्डफिशचीच जात, आणला आणि पिशवी तरंगवून अर्ध्या तासात सोडला मोठ्या टाकीत. नवव्या दिवशी पहिला ओरांडा तळाशी बसला, अंगावर जखम नाही, डाग नाही, फक्त कल्ले पांढुरके. पाच दिवसांत सातातले सहा गेले. त्याच खोलीत, त्याच नळाच्या पाण्यावर दुसरी टाकी आहे, तिच्यात दोन गोल्डफिश, जाळी वेगळी. त्यांना काही झालं नाही. पाणीच वाईट होतं तर ते दोघं कसे जगले?

गोल्डफिशचा हर्पिस व्हायरस जपानमध्ये 1992 ला पहिल्यांदा लक्षात आला, आता भारतातही सापडलाय. तो मूत्रपिंड आणि प्लीहा, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तेच नासवतो, म्हणून कल्ले फिके पडतात. साधारण 15 ते 25 अंश पाण्यात त्याचा जोर असतो. मे महिन्यात पाणी 30 ला असतं तेव्हा तो माशात गप्प बसतो, मासा छान पोहतो, दुकानदारालाही कळत नाही. थंडी पडली की बाहेर येतो. "दर जानेवारीत"चं कारण हे आहे, आणि तुम्ही त्यावरून लोकांना आळशी म्हणताय.

टाकीवाला_पुणे
एका टाकीवरून सिद्धांत मांडू नका. माझा ब्लॅकमूर, काळा गोल्डफिश, असाच तळाशी बसला होता, पूड टाकली, उठला. डोळ्यांनी पाहिलंय.

शुबंकिन_नाशिक
त्याला बॅक्टेरिया झाले असतील. व्हायरसने खचलेल्या माशावर बॅक्टेरिया चढतात, तेवढ्यापुरती पूड उपयोगी पडते, हे मान्य. पण व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि फिल्टरमधले चांगले जिवाणू मात्र त्याने मरतात, मग अमोनिया खरंच वाढतो. मी पण टाकली होती. तिसऱ्या दिवशी पाणी फेसाळ झालं.

कोईवेडा
हर्पिस असेल तर हीटर लावून पाणी हळूहळू 30 च्या वर नेतात, मर थांबू शकते. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी होतो, एअर पंप डबल लावा नाहीतर त्यानेच जातील. आणि वाचलेला मासा बरा दिसला तरी व्हायरस अंगात ठेवून असतो. त्याच्याबरोबर नवीन मासा टाकला की परत तेच.

मीरा_डोंबिवली
माझे दोन वाचले होते, टाकी बंद करायची होती, मारवेनात म्हणून गावच्या तळ्यात सोडले. मोकळे तरी जगतील बिचारे.

शेततळं_इंदापूर
ताई, हे वाचून डोकं फिरलं. तुमची दया आमच्या पोटावर येते. उजनीत सकर मासा कुठनं आला? असंच कुणाच्या तरी टाकीतनं. आज जाळ्यात तोच येतो, काट्यांनी जाळी फाटते. माझ्या तळ्यात रोहू, कटला, सायप्रिनस आहे. 2003 ला जपानमध्ये कासुमिगाउरा तलावात कोई हर्पिस (कोई म्हणजे शोभेचा रंगीत कार्प) आला, पाळलेले कार्प हजार टनांवर मेले. पुढच्या वर्षी बिवा सरोवरात लाखावर मासे. सायप्रिनस म्हणजे तोच कार्प.

मीरा_डोंबिवली
मी दोन गोल्डफिश सोडले, जपान बुडवलं नाही. कसल्या भाषेत बोलताय?

कोईवेडा
इंदापूरकर, गल्लत होतेय. गोल्डफिशचा हर्पिस वेगळा, कोईचा वेगळा. गोल्डफिशचा तुमच्या रोहूला धरत नाही.

शेततळं_इंदापूर
आणि गोल्डफिश कोईचा व्हायरस स्वतः न मरता वाहून नेतो, ते पण सांगा की! ताईंच्या माशात काय होतं, कुणी तपासलं? आम्ही बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणतो तेव्हा पुरवठादार कागद देत नाही, मेली की म्हणतो तुमचं पाणी खराब. इथे टाकीवालेही तेच म्हणतायत. चिलापीला, म्हणजे तिलापियाला, तिलापिया लेक व्हायरस लागतो, 2018 ला पश्चिम बंगाल-केरळात नोंद झालीय. इकडे भिगवणला किती घरं चिलापीवर जगतात माहितीये का?

टाकीवाला_पुणे
शेततळी पावसाळ्यात सांडून ओढ्याला मिळतात, तुमचा रोग नदीत जात नाही का?

शेततळं_इंदापूर
जातो. गेल्या पावसाळ्यात माझंच तळं फुटलं, निम्मे मासे ओढ्यात गेले. ते पाप माझ्या माथी. म्हणून आता सांडव्याला बारीक जाळी लावलीय. ताई, मघाशी जरा जास्त बोललो. पण तळ्यात सोडू नका, हात जोडतो.

मीरा_डोंबिवली
नाही सोडणार परत. पण मग करायचं काय होतं? दुकानदार घेईना, कुणाला द्यावं तर त्याचे मरतील.

शुबंकिन_नाशिक
त्याच टाकीत एकटे सांभाळायचे, आयुष्यभर. माझा सातवा ओरांडा तसाच आहे, चौथं वर्ष. त्याची जाळी, बादली, नळी सगळं वेगळं, त्याच्या टाकीत हात घातला की साबणाने धुते.

टाकीवाला_पुणे
दोन टाक्या, एकच पाणी, हा मुद्दा मला खोडता येत नाहीये. पाण्याबद्दल बोललो ते मागे घेणार नाही, निम्म्या लोकांचे मासे अमोनियानेच मरतात. पण नवीन मासा वेगळा ठेवायचा तर किती दिवस? मी चार दिवस ठेवतो.

कोईवेडा
चार दिवसांत काही कळत नाही. महिनाभर, आणि पाणी 22-24 अंशांवर. 30 ला ठेवलात तर काही दिसणारच नाही. सोबत आपला एखादा साधा गोल्डफिश ठेवतात, व्हायरस असेल तर तो आधी आजारी पडतो.

शुबंकिन_नाशिक
तो साधा गोल्डफिश मरायलाच ठेवायचा? मला नाही जमणार.

टाकीवाला_पुणे
मलाही नाही. चाळीस लिटरची एक टाकी माळ्यावर पडून आहे, रविवारी उतरवतो.