‘ओव्हरसाइट’ : देखरेख की नजरचूक? (ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावताना)

ऐरोली :
बँकांच्या कारभारावरच्या एका ध्वनिमुद्रित इंग्रजी व्याख्यानात ‘ओव्हरसाइट’ हा शब्द दोनदा येतो. पहिल्या ठिकाणी ‘देखरेख’ चपखल बसतं. दुसऱ्या ठिकाणी तेच घातलं तर वाक्य उलटंच होतं. कोशात दोन्ही अर्थ आहेत, देखरेख आणि नजरचूक. छापील मजकुरात मागेपुढे बघून उलगडा होतो. ऐकताना तोवर पुढचं वाक्य येऊन आदळलेलं असतं. कोणता अर्थ घ्यायचा याची कानाला कळेल अशी काही खूण आहे का?

नौपाडा :
आहे, आणि ती शब्दाच्या आधी आहे. नजरचूक या अर्थी हा शब्द मोजता येतो : ‘ॲन ओव्हरसाइट’, ‘अ सीरियस ओव्हरसाइट’, ‘सेव्हरल ओव्हरसाइट्स’. देखरेख या अर्थी तो मोजत नाहीत : ‘लॅक ऑफ ओव्हरसाइट’, ‘ओव्हरसाइट ऑफ द बँक्स’. तेव्हा आधी ‘ॲन’ असेल तर बहुधा चूक, नसेल तर देखरेख.

गोची अशी की हा ‘ॲन’ बोलण्यात जवळजवळ गिळला जातो. ‘इट वॉज ॲन ओव्हरसाइट’ हे चार शब्द सुटे कानावर पडतच नाहीत. ‘ॲन’मधला स्वर पुसट होतो आणि उरलेला ‘न’ पुढच्या ‘ओ’ला चिकटतो : ‘इटवझनोव्हरसाइट’. ऐकणाऱ्याला वाटतं ‘नो ओव्हरसाइट’, म्हणजे देखरेखच नव्हती! खरा ‘नो ओव्हरसाइट’ लांब असतो, त्यात ‘ओ’ दोनदा येतो आणि मधे हलका ‘व’ डोकावतो : ‘नोवोव्हरसाइट’. दोन्ही वाक्यं आपल्याच तोंडाने पाच-सहा वेळा म्हणून पाहा. तोंडाला फरक जमला की कानालाही तो लवकर सापडतो.

नेरूळ :
एक खोडा घालतो. ‘ॲन ओव्हरसाइट कमिटी’ म्हटलं तर? तिथे ‘ॲन’ आहे, पण अर्थ देखरेखच.

नौपाडा :
बरोबर. तो ‘ॲन’ कमिटीचा आहे, ओव्हरसाइटचा नाही. म्हणून शब्द ऐकल्या ऐकल्या निकाल द्यायचा नाही, पुढचा एक शब्द येऊ द्यायचा. मागोमाग कमिटी, बोर्ड, रोल, बॉडी असलं काही आलं की देखरेख. वाक्य तिथेच थांबलं की चूक.

कोपरखैरणे :
याच जातीचा दुसरा शब्द ‘सँक्शन’. आपल्याकडे लोन सँक्शन होतं, इमारतीचा प्लॅन सँक्शन होतो, म्हणून कान ‘मंजुरी’ला सरावलेला. आंतरराष्ट्रीय घडामोडींवरच्या भाषणात मात्र तो बहुतेकदा ‘सँक्शन्स’ असा अनेकवचनी येतो आणि अर्थ असतो निर्बंध. मंजुरीच्या नेमका विरुद्ध. इथे सगळी मदार शेवटच्या एका ‘स’वर, जो ‘झ’सारखा ऐकू येतो. क्रियापदाच्या वेळी तीही खूण नसते, मग कोणाला किंवा कशाला ते पाहायचं : एखादी योजना सँक्शन केली तर मंजूर केली, एखाद्या देशाला सँक्शन केलं तर निर्बंध घातले.

आणि ‘पास आउट’ विसरू नका. आपल्याकडे मुलं कॉलेजातून पास आउट होतात. अमेरिकन वक्त्याच्या तोंडी ती बेशुद्ध पडलेली असतात.

नेरूळ :
सराव कसा करायचा, ते लिहितो. टेड या संस्थेची व्याख्यानं १८ मिनिटांच्या मर्यादेतली असतात, पण शब्द टिपायला तीही लांबच. पाच मिनिटांचा तुकडा घ्यावा. मिनिटाला साधारण १५० शब्दांच्या वेगाने त्यात साडेसातशे शब्द येतात. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा : मदतीशिवाय नीट समजायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीसाठी त्याला सहा ते सात हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) लागतात. साडेसातशेतले दोन टक्के म्हणजे पंधरा. पाच मिनिटांत पंधरापेक्षा बरेच जास्त शब्द अडत असतील तर ते व्याख्यान सध्या बाजूला ठेवावं, तिथे शब्द शिकणं होत नाही, नुसती धडपड होते.

पहिल्यांदा पडद्यावरची अक्षरं (सबटायटल्स) न लावता सलग ऐकायचं. दुसऱ्यांदा अडेल तिथे थांबून, जे कानावर पडलं ते देवनागरीत जसंच्या तसं लिहायचं, चुकीचं वाटलं तरी, आणि शेजारी वेळ टाकायची, उदाहरणार्थ ३:४२. संगणकावर यूट्यूब असेल तर ‘J’ची कळ दाबली की दहा सेकंद मागे, डावा बाण दाबला की पाच सेकंद मागे, ‘K’ दाबलं की थांबतं. तिसऱ्या वेळी लिखित पाठ उघडून ताडून पाहायचं. आपण लिहिलेलं आणि तिथे छापलेलं यातला फरक, तोच खरा धडा.

पंधरातले पाचच शब्द वहीत घ्यावेत, जे दुसऱ्या कुठल्या विषयातही भेटतील असे. प्रत्येकाबरोबर अख्खं वाक्य हवंच. ‘ओव्हरसाइट = देखरेख’ एवढंच लिहिलेली वही वर म्हटलेल्या प्रत्येक ठिकाणी दगा देणार. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या. आणि ती वाचून नाही, तेवढंच वाक्य पुन्हा ऐकून.

कोपरी :
लिखित पाठावर डोळे मिटून विश्वास नको. यंत्राने आपोआप उमटवलेली अक्षरं आवाजावरून अंदाज बांधतात, त्यामुळे सारख्या उच्चाराच्या जोड्यांत ती गडबडतात : ‘पूरक’ या अर्थाचा कॉम्प्लिमेंट आणि ‘प्रशंसा’ या अर्थाचा कॉम्प्लिमेंट, स्पेलिंगात एका अक्षराचा फरक. माणसाने तपासलेला पाठ बरा, पण त्यातही कधी कधी बोललेलं आटोपशीर करून टाकलेलं असतं.

वेग कमी करण्याबद्दलही गैरसमज आहे. ०.७५ पट ठीक. ०.५ वर आवाज नुसते ताणले जातात; गिळलेला ‘ॲन’ काही त्यामुळे परत येत नाही, कारण तो मुळात म्हटलेलाच नसतो. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीने १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं, सुमारे दीड हजार शब्द आणि नेहमीपेक्षा एक तृतीयांश कमी वेग. अर्थ शिकायला ते उत्तम. पण त्यात शब्द सुटे सुटे म्हटलेले असतात, त्यामुळे जोडलेले शब्द पकडण्याचा सराव त्यातून व्हायचा नाही.

देवनागरीत लिहिण्याचा फायदा म्हणजे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आपल्याकडे आहेत. तोटा असा की जोर कुठल्या अक्षरावर हे लिपी सांगत नाही. घोडबंदर रोडवर दर दोन होर्डिंगांमागे एक ‘डेव्हलपर्स’ असतो, आपण ठासून ‘डे’ म्हणतो. इंग्रज वक्ता ‘डि’ ओझरता म्हणून जोर ‘व्हे’वर देतो. कान ‘डे’ची वाट बघत बसतो आणि रोजचा ओळखीचा शब्द नवीन म्हणून वहीत चढतो. म्हणून जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दात तर रेघेवरच अर्थ ठरतो : पहिल्या अक्षरावर जोर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद.

घणसोली :
रेघेबद्दल सहमत. अजून एक जोडी : ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ (अमेरिकन तोंडी ‘कॅन्ट’). अमेरिकन बोलण्यात शेवटचा ‘ट’ ऐकू येईलच असं नाही, तेव्हा ‘ट’च्या मागे लागू नका. होकारार्थी ‘कॅन’ वाक्याच्या मध्ये नुसता ‘कन्’ होतो. स्वच्छ, भरीव ‘कॅ’ ऐकू आला तर तो बहुधा नकार.

ठाणे-वाशी गाडीत हे सगळं करायला जाऊ नये. प्रवास अर्ध्या तासाचा, पाच मिनिटांचा तुकडा त्यात सहज बसतो हे खरं. पण ‘फ’, ‘थ’ यांसारखे मुळातच क्षीण आवाज गाडीच्या खडखडाटात बुडतात, मग ‘थ्री’ आणि ‘फ्री’ एकच. आवाज वाढवून कान दुखतात, आवाज काही सुटे होत नाहीत. गाडीत घरी एकदा फोडलेला तुकडा ऐकावा. नवा नको.

ऐरोली :
खूण कळली. आता मराठी प्रतिशब्दाचं. नजरचूकऐवजी ‘कानाडोळा’ चालेल का? आणि ‘ओव्हरलुक’चं नाम म्हणजेच ओव्हरसाइट का?

नौपाडा :
कानाडोळा नको. कानाडोळा माणूस जाणूनबुजून करतो. ओव्हरसाइट नकळत होतं. ‘नजरचूक’ किंवा ‘अनवधान’ ठीक, आणि ‘ड्यू टू ॲन ओव्हरसाइट’ला आपलं साधं ‘नजरचुकीने’.

दुसऱ्या प्रश्नाला अर्धं हो. नजरचूक हा अर्थ ‘ओव्हरलुक’कडचा, देखरेख हा अर्थ ‘ओव्हरसी’कडचा. दोन क्रियापदं वेगळी राहिली, नाम मात्र एकच, सगळा घोळ तिथला. ‘ओव्हरलुक’ नकळतही होतं आणि मुद्दामही, म्हणून कानाडोळा हा शब्द तिथे राखून ठेवा. शिवाय त्याचा तिसराच एक अर्थ आहे : ‘द बाल्कनी ओव्हरलुक्स द क्रीक’. यात बाल्कनीने खाडीकडे दुर्लक्ष केलेलं नाही, तिथून खाडी दिसते.

नेरूळ :
आणि त्या दिसण्याचे बिल्डर वेगळे पैसे लावतो, ते मात्र नजरचुकीने नाही.