मदत हवी आहे: जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलीचं मनगट दुखतंय, एक्स-रे मात्र नॉर्मल

मुक्ताई

नमस्कार मंडळी,

लेक ११ वर्षांची आहे. पहिलीत असल्यापासून जिम्नॅस्टिक्स करते. आम्ही मुलुंडला राहतो. क्लास आठवड्यातून पाच दिवस, रोज तीन तास, आणि स्पर्धा जवळ आली की रविवारीसुद्धा. दिवाळीच्या सुट्टीपासून तिचं उजवं मनगट दुखतंय. सुरुवातीला फक्त प्रॅक्टिसनंतर दुखायचं आणि रात्रीत थांबायचं. आता राउंडऑफसाठी हात जमिनीला लागला की लगेच कळ येते. दुखतं ते मनगटाच्या वरच्या अंगाला, अंगठ्याच्या बाजूचं हाड जिथे संपतं बरोबर तिथे. बोटाने दाबलं की हात मागे घेते. सूज अशी दिसत नाही, पण दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले की उजवं मनगट थोडं भरल्यासारखं वाटतं. पडली नाही, कुठे आपटलीही नाही.

गेल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. जेवून उठताना ती तळहात टेकत नाही, मूठ टेकते. विचारलं तर म्हणाली, "असंच बरं वाटतं." बारला लटकताना दुखत नाही म्हणते. हँडस्टँड, फ्लिक (हातांवरून मागे पलटी) आणि व्हॉल्टला (टेबलावर हात टेकून उडी) दुखतं.

हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी उजव्या हाताचा एक्स-रे काढला, नॉर्मल आहे म्हणाले, मुरगळलं असेल म्हणाले. क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू होत्या तोवर ठीक होतं, पोरगी पूर्ण प्रॅक्टिस करत होती. गोळ्या संपल्या आणि पहिले पाढे पंचावन्न.

क्लासचे सर म्हणतात, या वयात सगळ्यांचीच मनगटं दुखतात, पुढे कणखर होतात. सर पोरींवर मनापासून मेहनत घेतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे आणि त्यांना ती हवी आहे. तिलाही जायचंच आहे. दीपा कर्माकरचा २०१६ चा रिओमधला व्हॉल्ट तिने इतक्यांदा पाहिलाय की ब्राँझ ०.१५ गुणांनी हुकलं हे ती झोपेतसुद्धा सांगेल. बॅचमधल्या एका मुलीची आई प्रॅक्टिसच्या आधी पेनकिलर देते. तिने मलाही सुचवलं. मला ते अजिबात पटत नाही.

एक्स-रे नॉर्मल असेल तर आतलं सगळं ठीक आहे असं धरून चालायचं का? दुसऱ्या कोणाला दाखवावं का, आणि कोणाला? थांबवायचं तर किती दिवस? सगळ्यात अवघड म्हणजे सरांना हे कसं सांगायचं? ज्यांची मुलं या खेळात आहेत त्यांनी कृपया लिहा.

जांभूळ

पेनकिलर देऊन प्रॅक्टिस नकोच. दुखणं हीच तिला मिळणारी सूचना आहे. तीच बंद केली तर पोरगी कुठे थांबणार?

तारामती_पार्ले

मुक्ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

मी शाळेत असताना राज्य पातळीपर्यंत खेळले. माझं डावं मनगट असंच, याच जागी दुखायचं. आमच्याकडे उपाय एकच, पांढरी टेप. घट्ट गुंडाळायची आणि पुढे चालू. १५व्या वर्षी भलत्याच कारणासाठी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की अंगठ्याच्या बाजूचं हाड, म्हणजे रेडियस, वाढायचं थांबलं होतं आणि करंगळीच्या बाजूचं, अल्ना, वाढतच होतं. त्यामुळे अल्ना लांब झालं आणि मनगटातल्या छोट्या हाडांवर टेकायला लागलं. जिम्नॅस्टिक्स सुटलं, दुखणं नाही सुटलं. कणीक मळताना, कुकरचं झाकण फिरवताना, ओला टॉवेल पिळताना करंगळीच्या बाजूला कळ यायची. शेवटी ऑपरेशन करून अल्नाचा छोटा तुकडा काढून ते हाड आखूड करावं लागलं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. आज हात चांगला आहे.

सगळ्यांचं असं होत नाही. वेळेत थांबलेल्या माझ्या दोन मैत्रिणी पुढे कितीतरी वर्षं खेळल्या. घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. पण "कणखर होतात" हे या हाडाच्या बाबतीत खरं नाही. थांबवा तिला. निवड चाचणी पुढच्या वर्षीही असते.

मी_फिजिओ

मी परळला हात आणि मनगटाच्या पेशंटबरोबर काम करते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लहान मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते तिथून. रेडियसची तर जवळजवळ तीन चतुर्थांश लांबी मनगटाजवळच्या याच पट्ट्यातून येते. हा पट्टा आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि लिगामेंटपेक्षा कच्चा असतो. मोठ्या माणसाचं जिथे लिगामेंट ताणेल तिथे मुलाचा हा पट्टा आधी दुखावतो. त्यात हातावर उभं राहिलं की मनगटावरच्या भाराचा साधारण ८० टक्के वाटा एकट्या रेडियसवर जातो. फ्लिक किंवा व्हॉल्टमध्ये तर मनगट पूर्ण मागे वाकलेलं असताना शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार क्षणभरात येतो, आणि तो एका प्रॅक्टिसमध्ये किती वेळा येतो ते तुम्ही रोज बघताच. अशा माराने त्या पट्ट्याला होणारा त्रास इतका ओळखीचा आहे की त्याला 'जिम्नॅस्ट रिस्ट' असं नावच पडलंय. साधारण १० ते १४ या वयात, उंची भराभर वाढत असते तेव्हा, जास्त दिसतो.

लटकताना दुखत नाही आणि टेकताना दुखतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. लटकताना मनगटावर ओढ येते, टेकताना दाब. दाबानेच दुखत असेल तर संशय ग्रोथ प्लेटवर जातो. मूठ टेकून उठणंही त्यातलंच, कारण मुठीत मनगट सरळ राहतं. हे दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगा, मुलं स्वतःहून सांगत नाहीत.

आता एक्स-रेबद्दल. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. पुढे गेल्यावर पट्टा रुंद आणि त्याच्या कडा पुसट, ओबडधोबड दिसायला लागतात. एकाच हाताच्या फिल्ममध्ये थोडासा फरक नजरेतून निसटतो. म्हणून दोन्ही मनगटांचा एक्स-रे एकाच वेळी काढून शेजारी लावून बघतात. तरीही शंका राहिली तर एमआरआय, त्यात लवकर कळतं. मुलांच्या हाडांचे डॉक्टर किंवा हाताचे सर्जन यांनाच दाखवा. परळच्या वाडिया हॉस्पिटलमध्ये मुलांच्या हाडांचा विभाग आहे, केईएम शेजारीच आहे. जुनी फिल्म बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको.

थांबायचं किती, हे तपासणीवर ठरतं. एक्स-रेत काही नसेल तर बऱ्याच मुली चार-सहा आठवड्यांत बऱ्या होतात. बदल दिसत असतील तर तीन महिने, कधी त्याहून जास्त. तारीख बघून परत सोडायचं नाही, दाबलं तरी दुखत नाही आणि मनगट पूर्ण वळतं हे बघून सोडायचं. तोवर हातावर भार शून्य. बाकी शरीर मोकळं आहे.

गावचा_दादा

ताई, आमच्याकडे सातारला एक हाडवैद्य आहेत, एक झटका देऊन मनगट बसवून देतात. आंबेहळद आणि तुरटीचा लेपही लावतात. बऱ्याच पैलवानांना गुण आलाय.

मी_फिजिओ

दादा, तुम्ही काळजीपोटी सांगताय हे कळतंय. लेप वरून लावला तर बिघडत नाही. पण झटका आणि जोराची मालिश या मुलीला कृपा करून नको. तिथे निखळलेलं काही नाही की जे बसवायचं आहे. दुखावलेल्या ग्रोथ प्लेटवर जोर दिला तर इजा वाढेल. पैलवान मोठे असतात, त्यांच्या हाडांची वाढ संपलेली असते.

जांभूळ

मुलगा दादरला शिवाजी पार्कात मल्लखांबाला जातो. विश्रांतीच्या काळात तिला दोरीचा मल्लखांब चालेल का? त्यात सगळं लटकणंच असतं, आणि अढी, म्हणजे दोरीची पकड, तर पायांनीच घालतात.

मी_फिजिओ

कल्पना चांगली आहे, पण आत्ता नको. पकड घट्ट धरताना मनगट वाकतं आणि पिळलंही जातं. दुखणं पूर्ण गेल्यावर डॉक्टरांना विचारून.

मुक्ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. तारामती, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. त्याच दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही मनगटांचा एक्स-रे काढायला लावला. दोन्ही फिल्म लाइटवर शेजारी लावून आम्हाला दाखवल्या. डावीकडे हाडाच्या टोकाशी बारीक, स्वच्छ रेघ. उजवीकडे तीच रेघ जाड आणि कडेला धुरकट. एकदा दाखवल्यावर मलासुद्धा दिसली. निदान तुम्ही म्हणालात तेच. अजून वाढ थांबल्याचं कोणतंही लक्षण नाही, दोन्ही हाडांची लांबी बरोबर आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. सहा आठवडे स्प्लिंट, हातावर भार नाही, मग पुन्हा एक्स-रे. एकूण तीन महिने धरून चाला म्हणाले. व्हिटॅमिन डीची तपासणीही सांगितली आहे.

लेक घरी येईपर्यंत बोलली नाही. रात्री विचारलं, "म्हणजे सगळ्या पुढे जाणार ना?" मी तिला सांगितलं की मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलींना त्या वर्षी १६ पूर्ण होत असल्याशिवाय उतरताच येत नाही, १९९७ पासून तसा नियम आहे. म्हणजे तिच्याकडे वेळच वेळ आहे. थोडं पटलं, थोडं नाही.

आता दोन प्रश्न उरलेत. एक, सरांशी बोलणं. दोन, शाळेत रथसप्तमीच्या सूर्यनमस्कारांचा सराव सुरू झालाय. स्प्लिंट काढून तेवढे घातले तर चालतील का, असं तिच्या पीटी टीचरनी विचारलं.

मी_फिजिओ

सूर्यनमस्कार नाही. बारापैकी निम्म्याहून जास्त स्थितींमध्ये तळहात जमिनीवर आणि मनगट मागे वाकलेलं असतं. जोर, पुशअप, चक्रासन, कार्टव्हील, सगळं बंद. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या. तिला नमस्कार मोजायला उभं करा, म्हणजे बाजूला बसल्यासारखं वाटणार नाही.

तारामती_पार्ले

सरांना फोनवर सांगू नका, मुलीला घेऊन भेटायला जा आणि दोन्ही फिल्म घेऊन जा. शब्दांवर वाद होतो, तुम्हाला जी रेघ दिसली ती त्यांनाही दिसेल. चिठ्ठीत नुसतं "विश्रांती" लिहून आणू नका. विश्रांती म्हटलं की कोच मुलीला घरी पाठवतात आणि घरी बसलेली मुलगी खचते. काय चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या: बीमवरच्या उड्या आणि वळणं, स्प्लिट, पायांची ताकद, पोटाचे व्यायाम, फ्लोअर रुटीनचा नाचाचा भाग, कोपरांवर प्लँक. क्लासची वेळ तीच ठेवा, मैत्रिणी त्याच राहू देत. सरांना तिच्यासाठी काहीतरी करायला मिळालं की तेही तुमच्या बाजूने होतील. माझ्या एका मैत्रिणीच्या कोचनी अशा काळात तिचं बीम इतकं घासून घेतलं की परतल्यावर तीच तिची सगळ्यात चांगली इव्हेंट झाली.

मुक्ताई

हे फार उपयोगी आहे. शनिवारी भेटतोय सरांना. परत सुरू करताना रिस्ट गार्ड घ्यावे का?

मी_फिजिओ

मनगट फार मागे वाकू न देणारे गार्ड मिळतात, परतताना त्यांची मदत होते. पण गार्ड घातलंय म्हणून भार वाढवायचा नाही. क्रम असा ठेवा: आधी भिंतीला हात टेकून ढकलणं, मग गुडघ्यांवर ओणवं होऊन भार, मग प्लँक, मग मऊ मॅटवर हँडस्टँड, आणि टंबलिंग, व्हॉल्ट सगळ्यात शेवटी. दुखलं तर एक पायरी मागे. हातावरचे आणि पायांवरचे प्रकार आलटून पालटून घ्यायला सरांना सांगा, सलग तास-तास हातांवर नको. दर महिन्याला तिची उंची दारामागे लिहून ठेवा. एकदम वाढताना दिसली की त्या काळात हातावरचे प्रकार कमी करा.

समीर_बोरिवली

धागा वाचतोय. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, पॉमेल हॉर्स करतो. दोन्ही मनगटं दुखतात, सारखीच. दोन्हीकडे सारखं आहे म्हणून आम्ही थकव्याचं समजत होतो. त्यालाही दाखवू का?

मी_फिजिओ

हो, याच आठवड्यात. पॉमेलवर पूर्ण वेळ भार हातांवरच असतो आणि दोन्हीकडे एकदम त्रास होणं यात नेहमीचं आहे. जाताना डॉक्टरांना आधीच सांगा की दोन्ही बाजू दुखतात. नाहीतर एक बाजू चांगली धरून दुसरी तिच्याशी ताडून बघितली जाईल, आणि दोन्ही सारख्याच बिघडलेल्या असतील तर फिल्म नॉर्मल वाटेल. तोवर पॉमेल बंद ठेवा.